टेबलवर की टेबलवरचं? इंग्रजी फ्रेजबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की इंग्रजीतल्या फ्रेजबद्दल जे काही अडत असेल ते बिनधास्त विचारा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं धरून इतके प्रश्न आले की दोन दिवस मी तेच वाचत होते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी छोटी केलीत, नावं कोणाचीच घातली नाहीत, फक्त गाव ठेवलंय. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत, ती मनातल्या मनात न वाचता तोंडाने म्हणून बघा, निम्मं तिथेच कळतं.

प्रश्न (सांगली, सध्या पुण्यात अभ्यासिकेत): ताई, मी एमपीएससीच्या कम्बाइन परीक्षेची तयारी करतेय. "द बॉय विथ द ब्ल्यू बॅग इज माय ब्रदर" या वाक्यात "विथ द ब्ल्यू बॅग" हे एका पुस्तकात ॲडजेक्टिव्ह फ्रेज दिलंय आणि क्लासच्या नोट्समधे प्रेपोझिशनल फ्रेज. ग्रुपवर विचारलं तर दोन तास वाद झाला पण उत्तर काही मिळालं नाही. नक्की काय धरायचं?

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत, आणि वाद मिटवायचा म्हणून मी असं म्हणत नाहीये. एक नाव सांगतं फ्रेज कशाची बनलीये, दुसरं सांगतं ती वाक्यात काय काम करतेय. लाकडाची एक फळी घे, भिंतीला ठोकली तर ती मांडणी होते आणि दोन विटांवर ठेवली तर बाक, पण दोन्हीकडे लाकूड तेच. "विथ द ब्ल्यू बॅग" मधे सगळ्यात पुढे "विथ" हे प्रेपोझिशन आहे (नामाच्या आधी येणारा ऑन, इन, विथ असा छोटा शब्द), बाकीचे शब्द त्याच्या मागे आलेत, म्हणून बनावटीने ती प्रेपोझिशनल फ्रेज. आणि "कुठला मुलगा" या प्रश्नाचं उत्तर ती देते म्हणून काम ॲडजेक्टिव्हचं. आता "ही केम विथ अ ब्ल्यू बॅग" घे, बनावट तीच पण आता ती मुलाबद्दल काही सांगत नाहीये, तो कसा आला ते सांगतेय, म्हणजे काम ॲडव्हर्बचं झालं.

हे ओळखायची सगळ्यात चांगली युक्ती आपल्या मराठीतच आहे आणि ती कुठल्याच गाइडमधे मला सापडली नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. "द बुक ऑन द टेबल इज माइन", म्हणजे टेबलवरचं पुस्तक माझंय. "कीप द बुक ऑन द टेबल", म्हणजे पुस्तक टेबलवर ठेव. इंग्रजीत दोन्हीकडे "ऑन द टेबल" जसंच्या तसं, एक अक्षर हललं नाही, पण मराठीत पहिल्या ठिकाणी "टेबलवरचं" झालं आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं "टेबलवर" राहिलं. पुण्यात राहते, पण पुण्यातली मावशी. दाराजवळ थांब, पण दाराजवळची खुर्ची. पावसानंतर निघू, पण पावसानंतरचं ऊन. म्हणजे चा-ची-चं किंवा ला-ली-लं लागलं की तो तुकडा नामाला चिकटला, काम ॲडजेक्टिव्हचं, आणि नाही लागलं तर तो क्रियापदाकडे गेला, काम ॲडव्हर्बचं. मराठी हे काम उघड बोलून दाखवते, इंग्रजी ते फक्त जागेवर सोडते. त्यामुळे परीक्षेत अडलीस की फ्रेजचं मनात मराठी कर, तिथे "चा" ऐकू येतो का बघ. सगळ्याच ठिकाणी चालेल असं नाही, "विथ" ला मराठीत "घेऊन", "वाला" असं काहीही येऊ शकतं (निळ्या बॅगवाला मुलगा, निळी बॅग घेऊन आला), पण दहातली बरीच वाक्यं यावर सुटतात.

आता दोन पुस्तकांत दोन नावं का, तेही सांगते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं व्याकरण म्हणजे रेन अँड मार्टिन, ते १९३० च्या दशकातलं आहे, आणि त्याच्या दोन लेखकांपैकी रेन हे त्या आधी कराचीला आणि मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते, म्हणजे आपल्या शाळांशी त्यांचा तसा जवळचा संबंध. त्या परंपरेत फ्रेजला नाव कामावरून देतात, म्हणून ॲडजेक्टिव्ह फ्रेज, ॲडव्हर्ब फ्रेज, नाउन फ्रेज. पुढे भाषाशास्त्रात लोक वाक्याचे तुकडे पाडून बघायला लागले, अमेरिकेत ब्लूमफील्ड या भाषाशास्त्रज्ञांनी १९३३ मधे "पुअर जॉन रॅन अवे" हे चार शब्दांचं वाक्य घेऊन दाखवलं की ते आधी "पुअर जॉन" आणि "रॅन अवे" असं दोन भागांत तुटतं आणि मग त्या भागांचे पुढे तुकडे होतात, १९५७ मधे चॉम्स्कींनी तुकड्यांच्या या रचनेला गणितासारखे नियम दिले, आणि आजची मोठी संदर्भ व्याकरणं, म्हणजे १९८५ चं क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आणि २००२ चं हडलस्टन-पुलम यांचं, ती सगळी फ्रेजला नाव तिच्या मुख्य शब्दावरून देतात. मुख्य शब्दाला हेड म्हणतात.

घोळ वाढतो तो एका कारणाने, "ॲडजेक्टिव्ह फ्रेज" हे नाव दोघंही वापरतात पण वेगळ्या अर्थाने. नव्या पद्धतीत ॲडजेक्टिव्ह फ्रेज म्हणजे जिचं हेड ॲडजेक्टिव्ह आहे ती, उदाहरणार्थ "शी इज व्हेरी प्राउड ऑफ हर डॉटर" मधलं "व्हेरी प्राउड ऑफ हर डॉटर", इथे हेड "प्राउड". जुन्या पद्धतीत "विथ द ब्ल्यू बॅग" सुद्धा ॲडजेक्टिव्ह फ्रेज, जरी त्यात मुख्य शब्द ॲडजेक्टिव्ह नसला तरी. तसंच "शी वॉन्ट्स टू लर्न स्विमिंग" मधलं "टू लर्न स्विमिंग" जुन्या पुस्तकात नाउन फ्रेज, कारण "काय हवंय" याचं उत्तर देते, आणि नव्या पुस्तकात इन्फिनिटिव्ह, म्हणजे "टू" लावलेलं क्रियापदाचं मूळ रूप. तुझ्या परीक्षेसाठी एवढंच कर, पर्याय आधी वाच. पर्यायांत नाउन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब एवढेच दिसले तर कामावरून उत्तर दे. प्रेपोझिशनल, इन्फिनिटिव्ह, जिरंड (नामासारखं वापरलेलं "-इंग" रूप) अशी नावं दिसली तर बनावटीवरून.

प्रश्न (नाशिक): माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, मुलगा इंग्लिश मीडियमला सहावीत आहे. फ्रेज आणि क्लॉज यातला फरक त्याला समजावून सांगताना मीच अडकते, दोन्ही म्हणजे "शब्दांचा गट" असंच पुस्तकात आहे. सोप्पं करून सांगाल का?

उत्तर: त्याला एकच गोष्ट शोधायला लावा, आत कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असा जोड आहे का. "आफ्टर लंच" मधे क्रियापदच नाही, फ्रेज. "आफ्टर वी एट लंच" मधे "वी" आहे आणि "एट" आहे, क्लॉज. मराठीत "जेवणानंतर" आणि "आम्ही जेवलो त्यानंतर". सहावीच्या मुलासाठी इतकं पुरे आहे. तो विचारेल की "आफ्टर ईटिंग लंच" चं काय, तर शाळेच्या पुस्तकाप्रमाणे ती फ्रेज, कारण "ईटिंग" एकटं काळ सांगत नाही, कोणी खाल्लं तेही सांगत नाही. पुढे कॉलेजला गेला की यालाच नॉन-फायनाइट क्लॉज म्हणणारी पुस्तकं भेटतील, तेव्हा तो गोंधळू नये म्हणून हे तुम्हाला सांगून ठेवते, त्याला आत्ता नका सांगू. आणि एक, तुम्ही अडकता म्हणून संकोच करू नका, ज्या आयांना स्वतःला प्रश्न पडतो त्यांची मुलं जास्त नीट शिकतात हे मी वर्गात खूप वर्षं बघितलंय.

प्रश्न (परभणी): "वन्स इन अ ब्ल्यू मून" ही फ्रेज आहे का इडियम?

उत्तर: फ्रेज या शब्दाचे दोन उपयोग आहेत. "फ्रेजेस अँड इडियम्स" च्या यादीत फ्रेज म्हणजे आपला वाक्प्रचार. व्याकरणात फ्रेज म्हणजे वाक्यातला कुठलाही एकत्र राहणारा तुकडा, ज्याला मराठीत पदबंध म्हणतात. तुमचं उदाहरण अर्थाने इडियम आहे, क्वचित कधीतरी, आणि वाक्यात काम ॲडव्हर्बचं करतं, त्यामुळे व्याकरणातलीही फ्रेज आहेच.

प्रश्न (नागपूर): बँकेत काम करतो. मेलमधे मी "द लिस्ट ऑफ कस्टमर्स आर अटॅच्ड" लिहिलं, मॅनेजर मॅडमनी "आर" चं "इज" केलं. कस्टमर्स अनेक आहेत ना, मग "इज" कसं? माझ्याकडून ही चूक नेहमी होते, "वन ऑफ माय फ्रेंड" सुद्धा.

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला कारण यात दोन भाषांचा स्वभाव दिसतो. तुम्ही मराठीत काय म्हणता, "ग्राहकांची यादी जोडली आहे". यादी शेवटी आली, क्रियापदाच्या अगदी शेजारी, म्हणून "जोडली" हे आपोआप यादीप्रमाणे होतं, कोणी चुकत नाही. मराठीत नामाचं वर्णन करणारं सगळं आधी येतं आणि मुख्य नाम शेवटी. आमच्या गल्लीतल्या देवळामागच्या जुन्या वाड्यातली विहीर, इतकं लांब बोललं तरी विहीर शेवटीच. इंग्रजीत उलटं, थोडंसं वर्णन आधी येतं, द, ओल्ड, बिग असले शब्द, मग हेड, आणि लांब वर्णन सगळं हेडनंतर, "द वेल इन द ओल्ड हाउस बिहाइंड द टेम्पल". म्हणजे विहीर पहिली येऊन गेली आणि क्रियापद येईपर्यंत कानात राहिलं ते टेम्पल. तुमच्या मेलमधे तेच झालं, "लिस्ट" मागे राहिली, "कस्टमर्स" शेजारी आले आणि क्रियापद त्यांच्याशी जुळवलं गेलं.

हे फक्त आपल्यालाच होतं असं समजू नका. १९९१ मधे बॉक आणि मिलर या दोन संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना "द की टू द कॅबिनेट्स" अशी अर्धी वाक्यं देऊन पुरी करायला सांगितली, तर त्यांच्याकडूनही "आर", "वेअर" निसटत होतं, कारण तेच, शेजारी अनेकवचन उभं. तेव्हा मॅडमनी दुरुस्त केलं ते बरोबरच, पण चूक कशी होते ते कळलं की ती थांबवता येते.

थांबवायचं कसं, तर पूर्ण तुकड्याच्या जागी एक सर्वनाम ठेवून बघा. "द लिस्ट ऑफ कस्टमर्स" च्या जागी "इट" बसतं, ती यादी एक आहे, म्हणून "इट इज अटॅच्ड". ही चाचणी आणखी एक गोष्ट दाखवते, "इट" सगळ्या तुकड्याची जागा घेतं, एकट्या नामाची नाही, "द ओल्ड इट" असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीला तुकडा पूर्णच दिसतो. याचा अजून एक पुरावा बघा, "द किंग ऑफ स्पेन्स डॉटर", मुलगी राजाची आहे पण तो ॲपॉस्ट्रॉफी-एस जाऊन बसलाय स्पेनला. तो राजाला लागत नाही, स्पेनलाही लागत नाही, "द किंग ऑफ स्पेन" या सगळ्या तुकड्याच्या टोकाला लागतो. मराठीत "स्पेनच्या राजाची मुलगी", ची बरोबर राजालाच, कारण आपला राजा शेवटी बसलाय.

"वन ऑफ माय फ्रेंड" चं मूळही मराठीत आहे. आपण "माझा एक मित्र" म्हणतो, मित्र एकवचनी, तेच डोक्यात ठेवून इंग्रजी बनवतो. पण "वन ऑफ" चा अर्थ "पैकी एक", आणि "मित्रांपैकी एक" मधे मित्र अनेक लागतात, म्हणून "वन ऑफ माय फ्रेंड्स", आणि हेड "वन" असल्यामुळे क्रियापद एकवचनी, "वन ऑफ माय फ्रेंड्स इज अ डॉक्टर". नुसतं "माझा एक मित्र" म्हणायचं असेल तर "अ फ्रेंड ऑफ माइन" आहे की, तेच वापरा. फक्त एक जोडी वेगळी पाठ करा, "द नंबर ऑफ कस्टमर्स इज" पण "अ नंबर ऑफ कस्टमर्स आर", कारण दुसऱ्यात "अ नंबर ऑफ" चा अर्थ "बरेच" असा झालाय आणि वजन कस्टमर्सवर गेलंय.

प्रश्न (चिपळूण, दहावी): मी निबंधात लिहिलं, "वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड." बाईंनी लाल गोल केला आणि "डँगलिंग" लिहिलं. पण शाळेत जाताना पाऊस सुरू झाला हे तर खरंच आहे, मग चूक काय?

उत्तर: तू मराठीत अगदी बरोबर विचार केलास आणि तो जसाच्या तसा इंग्रजीत नेलास, चूक तिथे झाली. मराठीतलं "-ताना" फार मोकळं आहे. "शाळेत जाताना पाऊस सुरू झाला", जाणारी तू, सुरू होणारा पाऊस, दोघं वेगळे, तरी कोणालाही खटकत नाही. पण आपल्याकडे "-ऊन" सुद्धा आहे आणि ते एवढं मोकळं नाही. "शाळेत जाऊन मी डबा खाल्ला" ठीक. "शाळेत जाऊन पाऊस सुरू झाला" म्हणून बघ, कान लगेच अडतो, असं वाटतं पाऊसच शाळेत गेला. का, तर "-ऊन" ला दोन्हीकडे एकच कर्ता लागतो. आता लक्षात ठेव, वाक्याच्या सुरुवातीची इंग्रजी "-इंग" वाली पार्टिसिपल फ्रेज ही या बाबतीत आपल्या "-ऊन" सारखी वागते, "-ताना" सारखी नाही. तिचा करणारा कोण ते ती स्वतः सांगत नाही, वाचणारा कॉमानंतरच्या कर्त्याकडे बघतो, आणि तुझ्या वाक्यात तिथे "द रेन" उभा होता. फ्रेज आपल्या कर्त्याशिवाय लोंबकळत राहिली, म्हणून "डँगलिंग".

दुरुस्ती दोन प्रकारे होते. कर्ता जुळव, "वॉकिंग टू स्कूल, आय गॉट कॉट इन द रेन". किंवा फ्रेजचा क्लॉज कर, "व्हाइल आय वॉज वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड". मला दुसरं जास्त साधं वाटतं आणि तुझी गोष्टही तशीच राहते.

तू संस्कृत घेतलं असशील तर एक मजेची गोष्ट सांगते. सति सप्तमी आठवते, "सूर्ये अस्तं गते", सूर्य मावळला असता, आणि मग पुढे भलताच कोणीतरी काहीतरी करतो? इंग्रजीतही असा प्रकार आहे, त्याला ॲब्सोल्यूट फ्रेज म्हणतात, "द सन हॅविंग सेट, द फार्मर्स वेंट होम". इथे चूक होत नाही कारण फ्रेजने आपला कर्ता, "द सन", स्वतःबरोबर आणलाय. म्हणजे "द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी वेंट होम" हे अगदी शुद्ध आहे. बोलताना कोणी असं बोलत नाही, जरा पुस्तकी वाटतं, पण निबंधात एखादं वाक्य छान दिसेल. आणि "कन्सिडरिंग", "रिगार्डिंग" असे काही शब्द दिसायला पार्टिसिपल असले तरी आता प्रेपोझिशनसारखेच वापरतात, "कन्सिडरिंग हर एज, द स्कोर इज व्हेरी गुड" यात कोणी लाल गोल करणार नाही.

प्रश्न (मूळचा सोलापूरचा, सध्या श्टुटगार्ट): ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. दोन गोष्टींत नेहमी चुकतो. एक, "टर्न ऑफ इट" म्हटलं की सहकारी हसतात. दोन, मेलच्या शेवटी "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" लिहितो, कोणीतरी "मीटिंग" करा म्हणालं, पण "टू" नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असं शाळेत शिकलोय.

उत्तर: दुसरं आधी घेते कारण ते पटकन सुटतं. इंग्रजीत "टू" दोन आहेत. एक इन्फिनिटिव्हचा, "आय वॉन्ट टू मीट यू", आणि एक साधं प्रेपोझिशन, "आय गो टू द ऑफिस". कुठला आहे ते बघायला त्याच्यानंतर "इट" ठेवा. "आय लुक फॉरवर्ड टू इट" चालतं, म्हणजे तिथे नामाची जागा आहे, म्हणून क्रियापद आणायचं तर ते जिरंड होऊन यावं लागतं, "टू मीटिंग यू". "आय वॉन्ट टू इट" चालत नाही, तिथे मूळ रूपच. तुम्ही जर्मनीत गाडी चालवत असाल तर ही जोडी लक्षात राहील, "आय यूज्ड टू ड्राइव्ह ऑन द लेफ्ट" म्हणजे पूर्वी डावीकडून चालवायचो, आणि "नाऊ आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग ऑन द राइट" म्हणजे आता उजवीकडची सवय झालीये.

आता "टर्न ऑफ". फ्रेजल व्हर्ब नावात फ्रेज असलं तरी ते दोन शब्दांचं एक क्रियापद आहे, त्यातला "ऑफ" हा प्रेपोझिशन नाही, पार्टिकल आहे, म्हणजे क्रियापदाचाच भाग झालेला छोटा शब्द. "टर्न ऑफ द लाइट" आणि "टर्न द लाइट ऑफ" दोन्ही चालतं, पण मधे इट, देम, हिम असलं छोटं सर्वनाम आलं की ते दोघांच्या मधेच बसतं, "टर्न इट ऑफ", "पिक हिम अप". उलट "लुक आफ्टर" मधलं "आफ्टर" खरं प्रेपोझिशन आहे, ते आपल्या नामाला सोडत नाही, म्हणून "लुक आफ्टर हर", "लुक हर आफ्टर" कधीच नाही. नवीन क्रियापद भेटलं की "इट" मधे बसतं का मागे ते एकदा डिक्शनरीत बघून वहीत लिहून ठेवा, याला दुसरा उपाय नाही.

आणि फ्रेजल व्हर्ब परकी वाटायचं कारण नाही, आपण रोज तेच करतो. "खा" आणि "खाऊन टाक" यात फरक काय? "टाक" मधे फेकणं राहिलेलं नाही, संपवायचं एवढाच भाव उरलाय. "ईट" आणि "ईट अप" मधे तोच फरक आहे, "ड्रिंक अप" म्हणजे पिऊन टाक, "फिनिश अप" म्हणजे संपवून टाक. "अप" वर जात नाही, जसं आपलं "टाक" काही टाकत नाही. खऱ्या अर्थाने व्हर्ब फ्रेज म्हणतात ती वेगळी, मदतीची क्रियापदं आणि मुख्य क्रियापद मिळून होणारी साखळी, आणि तिथेही दोन भाषा आरशासारख्या समोरासमोर उभ्या आहेत. "कॅन बी डन" आणि "केलं जाऊ शकतं". "डन" म्हणजे केलं, "बी" म्हणजे जाऊ, "कॅन" म्हणजे शकतं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बरोबर उलटं. मी हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता, मलाही तो क्षण अजून आठवतो.

प्रश्न (लातूर): "धिस रूम इज नॉट एनफ बिग" चूक का?

उत्तर: कारण मराठीत "पुरेशी मोठी", तसं तुम्ही नेलंत. इंग्रजीत "एनफ" ॲडजेक्टिव्हच्या मागे येतं, "बिग एनफ", पण नामाच्या पुढे, "एनफ रूम". आणि "टू बिग" म्हणजे "खूप मोठी" नाही, "नको इतकी मोठी". कौतुक करायचं असेल तेव्हा "व्हेरी".

प्रश्न (डोंबिवली): मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. इंग्रजीत नोटीस लावली, "द कमिटी डिसाइडेड टू क्लीन द वॉटर टँक ऑन संडे." एका कुटुंबाला वाटलं की रविवारी कमिटीची मीटिंग झाली, टाकी धुवायची तारीख नंतर कळेल. त्यांनी पाणी भरून ठेवलं नाही, घरात आजारी माणूस, खूप हाल झाले त्यांचे. मला अजून वाईट वाटतं. माझ्या वाक्यात चूक होती का?

उत्तर: व्याकरणाची चूक नव्हती, पण वाक्याला खरोखर दोन अर्थ आहेत आणि त्या कुटुंबाने घेतलेला अर्थही शुद्ध आहे. "ऑन संडे" ही प्रेपोझिशनल फ्रेज शेवटी आली की ती कुठल्या क्रियापदाला जोडायची ते वाचणाऱ्यावर सोडलेलं असतं, "क्लीन" ला जोडा नाहीतर "डिसाइडेड" ला. भाषाशास्त्राच्या वर्गात याचं नेहमीचं उदाहरण आहे, "आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप", दुर्बीण माझ्या हातात की त्या माणसाच्या. मराठीत ही भीती कमी असते कारण आपण तो शब्द ज्याचा त्याच्याजवळ ठेवतो, "टाकी रविवारी धुवायची असं कमिटीने ठरवलं" आणि "कमिटीने रविवारी ठरवलं की टाकी धुवायची". आणि दुर्बिणीसारखी फ्रेज नामाला चिकटणारी असेल तर मराठीत "दुर्बीणवाला" होतं, म्हणजे पहिल्या प्रश्नात सांगितलं तेच.

म्हणून नोटीस लिहून झाली की तारीख, वार, वेळ, जागा सांगणाऱ्या फ्रेज शोधा आणि प्रत्येकीला विचारा, तू कोणाची. दोन क्रियापदं असतील तर वाक्य सरळ तोडून टाका. कमिटीने ठरवलं हे लोकांना कशाला हवंय, त्यांना पाणी कधी जाणार ते हवंय. मी असं लिहिलं असतं, "द वॉटर टँक विल बी क्लीन्ड ऑन संडे. देअर विल बी नो वॉटर फ्रॉम ९ टू ५. प्लीज स्टोअर वॉटर ऑन सॅटर्डे." तीन वाक्यं, प्रत्येकात एकच काम, वार आपापल्या वाक्यात बंद. आणि त्याच्याच खाली, त्याच आकाराच्या अक्षरात, मराठीत: "रविवारी टाकी धुणार आहोत, ९ ते ५ पाणी नसेल, शनिवारीच भरून ठेवा. घरात कोणी आजारी असेल तर सेक्रेटरींना सांगा, पाणी पोचवू."